आबा आणि निजलेलं लोखंड

परवा कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत एका गिऱ्हाइकाच्या कारखान्यात गेलो होतो. ही वसाहत नवी होती तेव्हा तिचं नाव ऐकून मी पहिल्या भेटीला लग्नातला कोट घालून गेलो होतो आणि धुळीच्या रस्त्यावर टमटमची वाट बघत उभा राहिलो होतो. तेव्हापासून साध्या शर्टात जातो. कारखान्यात सगळी मशीनं संगणकावर चालणारी. काचेच्या खोलीत चहा आला. समोरच्या इंजिनिअर मुलीनं, वय फार तर पंचवीस, कप खाली ठेवायच्या आधी टेबलावर उजवा तळवा टेकवला आणि सावकाश पुढं सरकवला. मग कडू काहीतरी चाखल्यासारखं तोंड केलं आणि कप ठेवला.

मी विचारलं, हे कुठं शिकलीस. म्हणाली, आमच्या सरांची सवय आहे, बघून बघून मलाही लागली. सरांना कुणाची लागली हे तिला माहीत नव्हतं. मला माहीत होतं. तिचे सर ज्यांच्या हाताखाली तयार झाले, ते गृहस्थ आबांच्या हाताखाली तयार झाले होते. ह्या मुलीनं आबांना पाहिलेलं नाही, नावसुद्धा ऐकलेलं नाही, आणि टेबल मध्ये दबलेलं असलं की ती आबांचंच तोंड करते. माणूस जातो आणि त्याचं तोंड मागं राहतं, हे मी कागलला पाहिलं.

आबा म्हणजे कोल्हापूरच्या उद्यमनगरातले लेथवाले आबा. लेथ म्हणजे लोखंड गरागरा फिरवून त्याला आकार देणारं यंत्र. बाकीची यंत्रं ज्याच्यावर जन्माला येतात ते यंत्र. कोल्हापूरची माणसं विलायती लेथवर इंजिनं दुरुस्त करत होती त्या काळात, हे यंत्र आपल्यालाच करता येईल असं ज्या दोन-चार डोक्यांत आलं त्यांतलं एक डोकं आबांचं. त्यांचं चरित्र मी लिहिणार नाही. लिहायला बसलो तर पहिल्याच पानावर चुकीन, आणि आबा जिथं असतील तिथून त्या पानावर तळवा फिरवतील.

आमची पहिली भेट त्यांच्या कारखान्याशेजारच्या मोकळ्या जागेत झाली. मी नुकताच बीकॉम झालो होतो आणि विक्रीच्या नोकरीसाठी सर्टिफिकिटांची फाइल घेऊन आलो होतो. आबा आत कामात होते. त्या मोकळ्या जागेत गवतात लोखंडी धुडं पसरलेली होती, माणसाएवढी लांब, दोन रूळ जोडून ओतल्यासारखी. हे लेथचे पाये, त्यांना बेड म्हणतात, हे मला नंतर कळलं. तेव्हा मला ते बाक वाटले. एकावर बसलो, फाइल शेजारी ठेवली, आणि खिशातली भडंगाची पुडी सोडली.

तेवढ्यात मागून आवाज आला, "पावणं, उठा की. निजलंय ते."

मी दचकून उठलो आणि आधी आजूबाजूला कुणाचं तान्हं बाळ दिसतंय का ते बघितलं. मागं एक उंच, हाडापेराचा माणूस उभा होता. पांढरा पायजमा, खाकी शर्ट, आणि डोक्यावर टोपी. टोपीच्या कडेला जिथं ती धरून काढायची तिथं तेलाच्या बोटांचे ठसे. त्यांनी माझ्याकडं बघितलंच नाही. मी बसलो होतो तिथं पडलेले कुरमुरे एकेक करून उचलले आणि तोंडात टाकले.

लोखंड निजतं म्हणजे काय, ते त्यांनी मला त्याच दिवशी सांगितलं. वितळलेलं लोखंड साच्यात ओतलं की ते वरून गार होतं, पण आतून त्याचा ताण जात नाही. तसंच घाईनं तासलं, तर मशीन गिऱ्हाइकाच्या घरी जाऊन महिन्या-दोन महिन्यांनी अंग वाकडं करतं. म्हणून बेड ओतला की उघड्यावर टाकायचा. एक उन्हाळा, एक पावसाळा आणि एक थंडी त्याच्या अंगावरून गेली पाहिजे. तोवर त्याला हात लावायचा नाही. लोणचं मुरवतात तसं, असं मी शहाणपणानं म्हटलं. आबा म्हणाले, लोणचं खायाला असतंय. ह्याच्यावर लोकांनी पोटं भरायची असत्यात.

हे त्यांना कुणी पुस्तकातून शिकवलं नव्हतं. त्यांनी केलेला पहिला लेथ बैलगाडीतून पेठ वडगावला गेला होता, वाजतगाजत, पुढं हलगी. पावसाळा संपायच्या आत त्याचा बेड केळ्यासारखा झाला. आबा स्वतः बैलगाडी घेऊन गेले, तो परत आणला, आणि गाडीपुढं ह्या खेपेलाही हलगी लावली. लोकांना वाटलं दुसरा लेथ निघाला. कुणी विचारलं तर आबा सांगत, दुसरा न्हाय, पयलाच हाय, माघारी आलाय, बघून घ्या. तो वाकडा बेड त्यांनी कारखान्याच्या दारात बसायला टाकला. मी नोकरीला लागलो तेव्हा गिऱ्हाइकं त्याच्यावरच बसायची आणि आबा कौतुकानं सांगायचे की तुम्ही आमच्या चुकीवर बसलाय.

"शिकलाईस किती?" एवढंच त्यांनी मुलाखतीत विचारलं. मी बीकॉम म्हटलं. त्या दिवसापासून माझं नाव बीकॉम पडलं. माझ्या आईवडिलांनी ठेवलेलं नाव उद्यमनगरात आजही कुणाला ठाऊक नाही.

तर तळवा. आबा जातील तिथं तळवा फिरवायचे. हॉटेलातल्या टेबलावर, बँकेच्या काउंटरवर, शेजारणीच्या पोळपाटावर. चांगल्या लेथचा बेड सपाट करायचा म्हणजे त्याच्यावर निळा रंग फासलेली सपाट पाटी घासायची, जिथं रंग लागेल तो उंचवटा, तो हातातल्या पटाशीसारख्या हत्यारानं खरवडायचा, पुन्हा निळं लावायचं, पुन्हा खरवडायचं, असं दिवसेंदिवस. हा उद्योग माणसानं जन्मभर केला की त्याच्या तळव्याला जगातली एकही गोष्ट सपाट वाटत नाही. मशिनीत केसाइतकी चूक न खपवणारा हा माणूस पत्त्यांत मात्र राजरोस लबाडी करायचा. पानं मांडीखाली लपवायचा, आणि पकडलं तर म्हणायचा की ती आपणहून घसरली, कारण सतरंजी उताराला हाय.

माझं लग्न त्या तळव्यानं जमवलं. वडगावला मुलगी बघायला गेलो तेव्हा वडीलधारं माणूस म्हणून आबांना नेलं होतं. माझ्या अंगावर तोच कोट, जो पुढं लग्नातही चालला आणि मग एमआयडीसीत वाया गेला. मुलीच्या वडिलांनी मला पगार विचारला. मी उत्तर जुळवत होतो, तोवर आबांनी समोरच्या टीपॉयवर तळवा फिरवला आणि यजमानांना म्हणाले, पाय आखूड हाय एक. मग पोह्यांच्या बश्या उचलून माझ्या मांडीवर ठेवल्या, टीपॉय उलटा केला, आणि घरात कानस आहे का विचारलं. कानस नव्हती. मुलीनंच आतून विळी आणून दिली. सगळे पाहुणे बघत असताना आबांनी बाकीचे तीन पाय तासून काढले, आणि मी मांडीवर चार बश्या घेऊन देव्हाऱ्यासारखा बसून राहिलो. मुलगी जी हसत सुटली, तिचं हसू थांबेना. पुढं तिनं मला सांगितलं, तुमच्यात बघण्यासारखं काही नव्हतं, पण घरात असली माणसं येत-जात असतील तर बरं, असं वाटलं. टीपॉय आमच्याकडं आंदणात आला. अजून हलत नाही.

ती बेडांची मोकळी जागा ही आबांची असली तरी सत्ता तिथं गल्लीतल्या बायकांची होती. उन्हाळ्यात तापलेल्या लोखंडावर मिरच्या झकास वाळतात हा शोध मागच्या घरातल्या अक्काताईंनी लावला होता. शेंदरी मिरच्या, सांडगे, पापड, पोरांचे कपडे, सगळं त्या बेडांवर. मी मोठ्या तोऱ्यात इचलकरंजीला पोचवलेला एक लेथ सुरू केला तेव्हा गिऱ्हाईक, त्याचा भाऊ आणि मी तिघं एकामागून एक शिंकत सुटलो. बेडाच्या पोटात अक्काताईंची वर्षाची मिरची भुकटी होऊन बसली होती. गिऱ्हाइकानं विचारलं, ही कसला वास मारतीय मशीन? मी म्हटलं, कोल्हापुरी आहे.

आता कुठला बेड किती निजलाय हे ओळखायचं कसं? आबांनी बेडांना यात्रांची नावं दिली होती. चैत्रात जोतिबाच्या यात्रेच्या आठवड्यात ओतलेला तो जोतिबा. आषाढातला त्र्यंबोली. मग श्रावणातली पंचमी, दसरा, कोडोलीच्या पाहुण्यांमुळं नाताळ, आणि ओतकामावरच्या कांबळ्यांच्या हट्टानं जयंती. पांढऱ्या ऑइलपेंटनं बेडाच्या कुशीवर नाव लिहायचं. मी एकदा तारखा लिहायची सूचना केली, तर आबा म्हणाले, तारीख कुणाच्या ध्यानात ऱ्हातीया, यात्रा सगळ्यास्नी म्हाईत.

आणि ही नावं मी पुसली.

ते असं झालं. कोरोनाच्या आदल्या वर्षी शिमग्याच्या सुमाराची गोष्ट. आबांनी पंच्याऐंशी ओलांडली होती. कारखाना त्यांची लेक सुनंदाताई बघत होत्या आणि मी केस पिकवून त्याच खुर्चीवर होतो. बाहेरून स्वस्त, तयार मशीनं येत होती. वर्षभर निजवलेल्या लोखंडासाठी थांबायला गिऱ्हाईक तयार नव्हतं. सुनंदाताईंनी कागलला प्लॉट घेऊन संगणकी मशीनं बसवली होती. तिथं दुसऱ्यांच्या मशिनींचे सुटे भाग होत, आणि चांगले होत. आबा तिकडं एकदाही गेले नव्हते. शेवटी ताईंनी त्यांना समोर बसवून सांगितलं, की निपाणीचे बसवण्णा चार लेथांसाठी निजलेले बेड बघायला येणार आहेत. चारही लेथ गेले तर आपण लेथ करत राहू. नाही गेले तर ही जागा बंद, सगळं कागलला, आणि आपल्या नावाचा लेथ आता होणार नाही. आबा फक्त बरं म्हणाले. पण त्यानंतर ते कुठल्याच टेबलावर तळवा फिरवेनात. माझ्या टेबलावर चहा ठेवला तर सरळ उचलून प्यायले. मला धास्ती बसली.

तेव्हा मी ठरवलं, बसवण्णांवर छाप पाडायची. आबा लग्नाला कोडोलीला गेलेले, ताई कागलला. मी रंगारी बोलावले. चेनपुलीनं सगळे बेड उचलून लांबीप्रमाणे ओळीत लावले, तारेच्या ब्रशनं घासून घेतले आणि पोपटी रंग मारून घेतला. मागं उभा राहून बघितलं तर शाळेच्या कवायतीसारखं दिसत होतं. मी फोटो काढून ताईंना पाठवला. उलट उत्तर आलं, 'छान'. मग लगेच फोन.

"बीकॉम, नावं कुठायत?"

मी म्हटलं, कसली नावं. आणि म्हणता म्हणता बेडांची वही उघडली. वहीत नावं होती, पण वहीतल्या नावाला चिकटलेला बेड कुठला, हे वही कशी सांगणार.

आबा दुसऱ्या दिवशी सकाळी आले, लग्नातला गुलाल कानात तसाच. ओळीपुढं उभे राहिले. आज आपल्याला मार बसणार, ह्या वयात, ह्या हुद्द्यावर, अशी माझी खात्री होती. आबा म्हणाले, रंग बरा हाय. मग विचारलं, ह्यात जोतिबा कंचा. मी आत्मविश्वासानं एकाकडं बोट दाखवलं. आबांनी नुसतं बघितलं. मी बोट दुसऱ्याकडं नेलं. मग हात खिशात घातला.

ओरडायचं सोडून आबांनी भिंतीपलीकडं हाक मारली, "अक्काताई, जरा या हिकडं. शांताक्कालाबी आणा."

त्यानंतर जो दरबार भरला तो मी जन्मात विसरणार नाही. गल्लीतल्या सगळ्या बायका पदर खोचून पोपटी ओळीत उतरल्या. अक्काताईंनी प्रत्येक बेडाच्या खालून हात फिरवायला सुरुवात केली. एकापाशी थांबल्या आणि म्हणाल्या, हा जोतिबा. ह्याच्या हितल्या कोच्यानं माझं नवं लुगडं फाटलंय, घरी हाय अजून, आणून दावू? दुसऱ्याच्या पोटात गेल्या उन्हाळ्यात मांजरी व्यायली होती. त्या बेडाला आतून तिसऱ्या फळीला भोक होतं आणि पिल्लू त्यात अडकलं होतं. भोक सापडलं. तिसऱ्यावर शांताक्कांनी संकेश्वरी मिरची वाळवली होती, कारण त्या वर्षी ब्याडगी महाग होती, आणि शेजारच्या पोरानं खिळ्यानं त्याच्यावर क्रिकेटचा स्कोअर कोरला होता. पोपटी रंगाखालून स्कोअर बोटांना लागला. शांताक्का म्हणाल्या, आमचा बंड्या शून्यावर आऊट हाय बघा.

आबा टोपी मागं सारून ऐकत होते, आणि कित्येक दिवसांनी हसत होते. ह्या बायकांना त्यांचं लोखंड पाठ होतं.

वर्षभर निजलेले तीन बेड पक्के झाले. चौथ्यावर मात्र घोडं अडलं. अक्काताईंचं म्हणणं, ह्याच्यावर मी गेल्या उन्हाळ्यात मिरच्या घातल्यात. शांताक्का म्हणाल्या, तुझ्या मिरच्या पलीकडच्यावर होत्या, हा तर पंचमीनंतर आलाय, ह्यानं उन्हाळा बघितल्यालाच न्हाय. अक्काताई म्हणाल्या, तू तवा म्हायेराला गेलतीस. शांताक्का म्हणाल्या, तूच चार घरं हिंडत हुतीस. मग ते प्रकरण बेडावरून वाळत टाकलेल्या गोधडीवर, गोधडीवरून कुणाच्या तरी सुनेवर गेलं. एकीच्या मोबाइलात नातवाच्या वाढदिवसाचा फोटो निघाला, त्यात मागं तोच बेड होता, पण त्याच्यावर पसरलेल्या मिरच्यांनी नाव झाकलं होतं, आणि मिरच्या कुणाच्या ह्यावर पुन्हा सुरू.

त्याच वेळी बसवण्णांची गाडी आली.

मी धावत गेलो आणि आधी मिसळ खाऊ म्हणून त्यांना परस्पर पळवलं. हेतू असा की दरबार उठेपर्यंत त्यांना गुंतवायचं. दोन प्लेट मिसळ, जादा कट, वर पुन्हा तर्री. बसवण्णा शांतपणे जेवले. मलाच घाम फुटला, ठसका लागला आणि पाणी पिताना मी बोलून गेलो की रंगानं सगळा घोटाळा केला. कसला घोटाळा, त्यांनी विचारलं. आम्ही परत आलो.

बसवण्णा निपाणीकडचे, साखर कारखान्यांची दुरुस्तीची कामं करणारे. कारभार मोठा, बोलणं हळू. आबांना ते अज्जा म्हणायचे. आबांनी त्यांना वाकड्या बाकावर बसवलं आणि काही न झाकता सगळं सांगितलं: तीन बेड निजून उठलेत, चौथ्याचं सांगता येत नाही.

बसवण्णा म्हणाले, "अज्जा, माझी शेड तयार हाय. माणसं घेतली हायत. चारी द्या की. कुणाला कळतंय?"

"तुमास्नी कळायचं न्हाय. मलाबी कळायचं न्हाय. मशीनला कळंल."

"मग मला दुसरीकडं बघाय लागंल. चार म्हंजे चार."

सुनंदाताई कागलहून येऊन उभ्या होत्या, आणि कागदोपत्री मालक त्याच. त्यांनी मान हलवली असती तर चौथा बेड त्याच दिवशी तासायला गेला असता. मी त्यांच्याकडं डोळ्यांनी गयावया करत होतो. त्या आबांकडं बघून म्हणाल्या, "आबा, मी आधीच सांगितलंय. हे गेले तर लेथ बंद. पण नाव तुमचं आहे. तुम्ही म्हणाल ते."

आबा उठले आणि शेडमध्ये गेले. आम्ही मागोमाग.

शेडच्या कोपऱ्यात थोरली होती. वडगावहून परत आलेल्या लेथनंतर आबांनी दम धरून, लोखंड निजवून केलेला जो पहिला सरळ लेथ, तो म्हणजेच ही थोरली. कारखान्यात सगळे 'तो लेथ' म्हणत. ह्या एकीला आबा 'ती' म्हणायचे. पुढच्या सगळ्या लेथांचे भाग तिच्यावर झाले. जन्मभर आबांनी ती कुणाला हात लावू दिली नव्हती. मला तर तिच्या जवळून जाताना खोकायचीही बंदी होती.

आबांनी मशीन चालू केली, एक लोखंडी दांडा चढवला आणि हलकं तासायला घेतलं. तासलेलं लोखंड न तुटता, चकचकीत वेटोळं होऊन खाली उतरत राहिलं. बसवण्णा वाकून बघत होते. माणूस कामातला होता. त्यांनी पायांतल्या चपला काढून बाजूला सारल्या, थोरलीला हात लावला आणि तो कपाळाला लावला.

"ही न्या," आबा म्हणाले. "तीन नवी आणि ही. चौथा बेड उन्हाळा काढंल, मग मी त्यो लेथ करून दीन. तवा हिला माघारी धाडा."

ताई म्हणाल्या, "आबा, मग आपलं काम कशावर करायचं?"

"तुझ्या कागलला मशिनी हायत की. तितं करू. मला दाव तरी, कसं चालतंय ते."

सुनंदाताई चहा सांगून येते म्हणून बाहेर गेल्या आणि बराच वेळ आल्या नाहीत. चहा तर त्या दिवशी आलाच नाही.

पुढचं थोडक्यात. बसवण्णांनी थोरलीवर सौदा मान्य केला. तीन लेथ तयार झाले आणि पावसाच्या तोंडाला निपाणीला निघाले. थोरलीही त्यांच्याबरोबर निघाली. आबा तिच्यासोबत गेले. दोन दिवसांत येतो म्हणाले ते महिनाभर आलेच नाहीत. बसवण्णांच्या माणसांना निळं लावून खरवडायला शिकवत बसले, आणि परत आले ते चार कानडी शब्द आणि खिरीनं वाढलेलं पोट घेऊन. चौथा बेड उन्हाळा बघून उठला होता. त्याचा लेथ दसऱ्याआधी गेला आणि थोरली खंडेनवमीच्या पूजेला घरी पोचली, कागलच्या घरी. आबा तोवर तिथं रुळले होते. संगणकी मशिनींवर तळवा फिरवून त्यांनी दोन मशीनं उतरवून पुन्हा बसवायला लावली आणि इंजिनिअर पोरांनी ती बसवलीसुद्धा. कागलच्या शेडमागं आता बेड निजतात. त्यांच्यावर यात्रांची नावं लिहायचं काम माझ्याकडं आहे. ब्रश हातात दिला की सगळे हसतात, पण काम माझ्याकडंच आहे. लेथ वर्षाला मोजकेच होतात. ते घेणारे मात्र थांबून घेतात. आबा गेल्या हिवाळ्यात गेले, झोपेत नाही, चांगले जागेपणी, पत्ते खेळताना, आणि मांडीखाली दोन एक्के सापडले.

पण आबा आठवायचे म्हटले की मला निपाणीला निघालेल्या ट्रकातले आठवतात. सकाळची वेळ. थोरलीवर ताडपत्री टाकलेली. अक्काताई आणि शांताक्का, दोघी एकमेकींशी न बोलता, खण-नारळ घेऊन आल्या आणि त्यांनी मशीनची ओटी भरली. लेक सासरी निघाली की सोबतीला पाठराखीण जाते, तशी पाठराखीण म्हणून आपण जाणार असं आबांनी आधीच जाहीर केलं होतं. ताईंनी वयाची आठवण दिली, डॉक्टरांचं नाव घेतलं. आबांनी नवी टोपी घातली आणि क्लीनरला खाली उतरवून त्याच्या जागेवर चढून बसले. चढताना मी खालून ढकलत होतो, तर म्हणाले, जोर लाव की, बीकॉम झालाईस न्हवं.

ट्रक गल्लीच्या तोंडाला आला. बाहेर मोठा रस्ता, सकाळची गर्दी, आणि एक एसटी हॉर्न वाजवत भरधाव येत होती. आबांनी खिडकीतून कमरेपर्यंत अंग बाहेर काढलं, एक हात ट्रकच्या दाराला आणि दुसरा आडवा रस्त्यावर.

"थांबा की, पावणं," ते ओरडले. "सावकाश. लेक सासरला चाललीया."

एसटीनं करकचून ब्रेक मारला. ड्रायव्हरनं मान बाहेर काढून नवरी कुठं दिसते का ते बघितलं. मग ताडपत्रीखालचं ते धूड बघितलं, वर ठेवलेला नारळ बघितला, आबांच्या तोंडाकडं बघितलं, आणि हॉर्नवरचा हात काढून घेतला.